दिवाळ्याची खाडी आणि वृक्काचा शोध : एक दीर्घ थ्रेड

१/
बेलापूरच्या किल्ल्याचा इतिहास सनावळ्यांत सांगता येतो. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि १८१७ मध्ये इंग्रज अशा क्रमाने तो हात बदलत गेला. या किल्ल्याजवळच्या दिवाळे कोळीवाड्यासमोर, खाडीच्या पाण्यात, मात्र याहून कितीतरी जुना एक प्रश्न रोज सोडवला जातो. शरीरात पाणी किती ठेवायचे, मीठ किती ठेवायचे आणि मळ टाकायचा कुठे? या प्रश्नाचे उत्तर माणसाला कसे सापडत गेले आणि त्या उत्तराचा दिवाळ्याशी काय संबंध आहे, त्याचा हा थ्रेड.

२/
आधी भूगोल. दिवाळे हे पनवेल खाडीच्या काठचे कोळ्यांचे गाव. दिवसातून दोनदा भरती येते आणि समुद्राचे खारे पाणी आत चढते. पावसाळ्यात डोंगरांवरून आलेले गोडे पाणी त्याच खाडीत उतरते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हाडे असलेल्या माशाच्या रक्तातील क्षारांची तीव्रता साधारण त्याच्या एक तृतीयांश असते. म्हणजे उन्हाळ्याच्या भरतीत बाहेरचे पाणी माशाच्या रक्ताहून खारे, तर मुसळधार पावसात कधी त्याहून गोडे. रक्त मात्र जवळपास तेच राहावे लागते.

३/
ही अडचण किती मोठी आहे, हे स्वयंपाकघरात दिसते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते. चणे साध्या पाण्यात भिजत घातले की ते फुगतात. पाणी नेहमी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जाते. यालाच परासरण म्हणतात. समुद्रातला मासा हा मीठ लावलेल्या कैरीसारखा सतत पाणी गमावत असतो आणि नदीतला मासा भिजवलेल्या चण्यासारखा सतत पाणी शोषत असतो. खाडीतल्या माशाला ऋतूप्रमाणे दोन्ही अवस्थांतून जावे लागते.

४/
शरीर मूत्र कसे तयार करते, याविषयी भारतात फार पूर्वी विचार झाला होता. सुश्रुतसंहितेत एक सुंदर उपमा आहे. कोरा मातीचा घडा तोंडापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला, तर तो बाजूंनी झिरपणाऱ्या पाण्याने भरतो. बस्ती, म्हणजे मूत्राशय, तसाच सूक्ष्म मार्गांनी भरतो, असे तेथे म्हटले आहे. गाळण्याची कल्पना या उपमेत स्पष्ट आहे. वृक्कांचा उल्लेखही प्राचीन ग्रंथांत आहे, पण चरकसंहितेने त्यांचे नाते मूत्राशी न जोडता मेदाशी जोडले. झिरपणे ओळखले गेले होते. झिरपण्याची जागा अजून सापडायची होती.

५/
ती जागा दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यातील वैद्य गॅलेन याने प्रयोगाने दाखवली. त्याने जिवंत प्राण्याच्या मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. मूत्राशय रिकामे राहिले आणि गाठीच्या वरचा, वृक्काकडचा भाग फुगला. गाठ सोडताच मूत्र खाली उतरले. मूत्र वृक्कात तयार होते, हे यातून सिद्ध झाले. ते कसे तयार होते, हा प्रश्न पुढची दीड हजार वर्षे तसाच राहिला, कारण उत्तर डोळ्यांना दिसण्याइतके मोठे नव्हते.

६/
१६६६ मध्ये इटलीतील मार्चेल्लो मालपिघी याने वृक्कातील बारीक गोल पुंजके पाहिले. फांद्यांना लगडलेल्या फळांसारखे ते रक्तवाहिन्यांना लटकलेले होते. १८४२ मध्ये लंडनमध्ये विल्यम बोमन याने, वयाच्या पंचविशीत, प्रत्येक पुंजक्याभोवतीचे आवरण एका नळीत उघडते हे दाखवले. त्याच दशकात जर्मनीतील कार्ल लुडविग याने मांडले की रक्ताचा दाबच पुंजक्यातून द्रव गाळून काढतो आणि पुढे नळी त्यातले पाणी परत घेते. पुंजका आणि नळी मिळून झालेल्या या एककाला नेफ्रॉन म्हणतात. माणसाच्या प्रत्येक वृक्कात ते सुमारे दहा लाख असतात.

७/
लुडविगचे म्हणणे पटायला कठीण होते, कारण त्यातला हिशेब विचित्र वाटतो. आजच्या मोजमापांनुसार माणसाची वृक्के दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि मूत्र निघते जेमतेम दीड-दोन लिटर. उरलेले सगळे पाणी, साखर आणि बहुतेक क्षार पुन्हा रक्तात घेतले जातात. एवढा खटाटोप कशासाठी? कारण या पद्धतीत कचरा ओळखावा लागत नाही. आधी जवळपास सगळे बाहेर काढायचे आणि हवे तेवढे मोजून परत घ्यायचे. जे शरीराने मागितले नाही, ते आपोआप बाहेर जाते. पाणी आणि मीठ यांचे मोजमापही याच परतीच्या वाटेवर होते.

८/
पुरावा बेडकाने दिला. १९२४ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ए. एन. रिचर्ड्स आणि जोसेफ वर्न यांनी केसाहून बारीक काचनळी बेडकाच्या वृक्कातील एकाच पुंजक्यात घातली आणि तिथला थेंबभर द्रव बाहेर काढला. त्यात साखर आणि क्लोराइड होते. त्याच बेडकाच्या मूत्राशयातील मूत्रात ती नव्हती. म्हणजे ती आधी गाळली गेली होती आणि नळीने परत घेतली होती. ऐंशी वर्षांचा वाद एका थेंबाने बराचसा मिटवला.

९/
इथून पुढची कथा माशांची आहे. समुद्रातील काही माशांच्या वृक्कांत गाळणारे पुंजके नसतातच. अमेरिकी शास्त्रज्ञ ई. के. मार्शल यांनी अशा माशांवर काम केले आणि नळी नुसती परत घेत नाही, काही पदार्थ स्वतः मूत्रात टाकतेही, हे सिद्ध केले. त्यांचे समकालीन होमर स्मिथ यांनी वेगळा प्रश्न विचारला. समुद्रातल्या काही माशांनी पुंजके टाकून का दिले? उत्तर परासरणात होते. पुंजका म्हणजे पाणी उपसण्याचा पंप. ज्याच्या शरीरातून पाणी आधीच निसटते आहे, त्याला उपसा परवडत नाही.

१०/
स्मिथ यांनी १९३० मध्ये दाखवले की समुद्रातले हाडे असलेले मासे खारे पाणी चक्क पितात. पण मग त्यातले मीठ जाते कुठे? त्यांचे वृक्क रक्ताहून खारट मूत्र बनवू शकत नाही. १९३१ मध्ये कोपनहेगन येथे ऑगस्ट क्रोघ यांच्या प्रयोगशाळेत तरुण अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी ईल या सापासारख्या माशाच्या कल्ल्यांतून द्रव खेळवून पाहिला. कल्ले आतले क्लोराइड बाहेर फेकत होते, तेही बाहेरच्या अधिक खाऱ्या पाण्यात. श्वास घेणारे कल्ले हे मिठाचे उत्सर्जनाचे इंद्रियही होते.

११/
त्याआधी, १९२९ मध्ये, स्मिथ यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती आणि दिवाळ्याच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. प्रथिने पचली की अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. मासा हा अमोनिया मुख्यतः मूत्रावाटे नव्हे, तर कल्ल्यांवाटे टाकतो. वृक्कापेक्षा कितीतरी पट अधिक नत्र कल्ल्यांतून जातो. त्यासाठी फारशी यंत्रणाही लागत नाही. रक्तात अमोनिया जास्त, पाण्यात कमी. म्हणून तो स्वतःहून बाहेर पाझरतो. अट एकच : बाहेरच्या पाण्यात तो कमी असला पाहिजे.

१२/
जमिनीवरच्या प्राण्यांना ही सोय नाही. अमोनिया विरघळवायला पाणी फार लागते. म्हणून माणसाचे यकृत ऊर्जा खर्चून त्याचा सौम्य युरिया बनवते. हे चक्र हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडले. पक्षी त्याहून पुढे जातात आणि युरिक आम्लाचा पांढरा लगदा टाकतात, ज्याला पाणी जवळपास लागतच नाही. खाडीतली बोय, ती पकडणारा माणूस आणि चिखलात चोच घालणारा रोहित पक्षी एकच नत्र तीन वेगळ्या रूपांत टाकतात.

१३/
खाडीत वृक्काविना चालणारे उत्सर्जनही भरपूर आहे. चिंबोरीचे उत्सर्जनाचे इंद्रिय तिच्या स्पर्शिकांच्या मुळाशी, डोळ्यांजवळ असते. क्षारांचे बरेचसे काम तिचे कल्ले करतात. तिवराच्या पानांवरील ग्रंथी मीठ बाहेर टाकतात आणि कोरड्या दिवसांत त्याचे कण पानावर दिसतात. रोहित पक्ष्याच्या डोळ्यांवर लवणग्रंथी असतात. समुद्रपक्ष्यांतील या ग्रंथींचे काम क्नुट श्मिट-नीलसन यांनी १९५७ मध्ये पाणकावळ्यांवर प्रयोग करून उघड केले. चिखल, झाड आणि पक्षी अशा तीन ठिकाणी एकाच खारेपणावर तीन उपाय आहेत.

१४/
या सर्वांत कसबी म्हणजे जिताडा. रायगड जिल्ह्यात तो गोड्या पाण्याच्या तळ्यांतही वाढवला जातो आणि अंडी घालण्यासाठी मात्र त्याला खाऱ्या पाण्याची गरज असते. गोड्या पाण्यात त्याचे वृक्क पातळ मूत्राने पाणी उपसते आणि कल्ले पाण्यातून मीठ गोळा करतात. खाऱ्या पाण्यात तोच मासा पाणी पितो, मूत्र कमी करतो आणि त्याचे कल्ले मीठ बाहेर टाकू लागतात. प्रयोगशाळेने जे १९३० च्या सुमारास शोधले, ते हा मासा एका आयुष्यात दोन्ही बाजूंनी करून दाखवतो.

१५/
स्मिथ यांनी यातून एक भव्य इतिहास रचला. १९५३ च्या ‘फ्रॉम फिश टू फिलॉसॉफर’ या ग्रंथात त्यांनी मांडले की पृष्ठवंशीयांचे वृक्क मुळात गोड्या पाण्यात, पाणी उपसण्यासाठी घडले. पुढे यावर आक्षेप आले. कायम समुद्रात राहणाऱ्या आणि समुद्राइतकेच खारट रक्त असणाऱ्या हॅगफिश या आदिम प्राण्यालाही पुंजके आहेत. मग ते उपशासाठीच घडले असे कसे म्हणावे? आज अनेक अभ्यासक पृष्ठवंशीयांचा उगम समुद्रातच मानतात. स्मिथ यांचे प्रयोग टिकले, त्यांनी लिहिलेला पूर्वेतिहास मात्र बदलला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा अनुभव ओळखीचा वाटेल.

१६/
माणसाच्या वृक्काची मर्यादा कोळ्यांना शास्त्राच्या आधीपासून ठाऊक होती. होडीत गोड्या पाण्याचा साठा घेतल्याशिवाय समुद्रात जायचे नसते. माणसाचे वृक्क मूत्रातील मिठाचे प्रमाण समुद्राच्या पाण्याइतके वाढवू शकत नाही. म्हणून एक लिटर समुद्राचे पाणी प्यायल्यास त्यातले मीठ टाकायला एक लिटरहून अधिक पाणी खर्च होते. तहान भागत नाही, वाढते. कल्ल्यांची मदत माणसाला नाही आणि डोळ्यांवर लवणग्रंथीही नाहीत.

१७/
वृक्क थांबले तर? १८६१ मध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी पडद्यातून लहान कण वेगळे करण्याच्या क्रियेला ‘डायलिसिस’ हे नाव दिले. १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये, काम्पेन या गावी, विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या आवरणासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली आणि ते पिंप क्षारयुक्त पाण्याच्या टाकीत फिरवले. नळीतून रुग्णाचे रक्त वाहत होते. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री वाचली.

१८/
तीस वर्षांनी हे यंत्र भारताच्या राजकीय इतिहासात आले, तेही मुंबईत. आणीबाणीत अटकेत असलेल्या जयप्रकाश नारायण यांची नोव्हेंबर १९७५ मध्ये पॅरोलवर सुटका झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांची वृक्के निकामी झाल्याचे निदान झाले. तिथे डॉ. एम. के. मणी यांच्यासारख्या वृक्कतज्ज्ञांनी त्यांच्यावर उपचार केले. कैदेत वृक्के कशी बिघडली, यावर पुढे आरोप झाले आणि चौकशीही झाली. १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षाला एकत्र बांधणारा हा नेता डायलिसिसवर जगत होता. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले.

१९/
डायलिसिसचे यंत्र पाहिले की लक्ष रक्ताच्या नळ्यांकडे जाते. निम्मे काम मात्र पडद्याच्या दुसऱ्या बाजूच्या पाण्याचे असते. युरिया रक्तातून तिकडे पाझरतो, कारण तिकडे तो नसतो. तेच पाणी तसेच ठेवले तर काही वेळात दोन्हीकडे प्रमाण सारखे होते आणि उत्सर्जन थांबते. म्हणून चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेला द्रव सतत वाहता ठेवावा लागतो. पडदा कितीही उत्तम असला, तरी बाहेरची बाजू स्वच्छ नसेल तर तो निरुपयोगी ठरतो. माशाचे कल्लेही याच नियमाने चालतात.

२०/
आता पुन्हा दिवाळे. १९६० च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. शेतजमिनीच्या मोबदल्यासाठी झालेला संघर्ष, दि. बा. पाटील यांचे नेतृत्व आणि जानेवारी १९८४ चा गोळीबार हे सर्व इतिहासात नोंदले गेले आहे. कोळ्यांची अडचण याहून वेगळी होती. शेताचा सातबारा असतो. खाडीतल्या मासेमारीचा नसतो.

२१/
नव्या शहराला स्वतःच्या पाण्याचे नियमनही करावे लागले. त्याचे बरेच भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली आहेत. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला झडपा बंद होतात आणि पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटीला झडपा उघडतात आणि पाणी खाडीत जाते. पाणी कधी धरायचे व कधी सोडायचे, हे ठरवणारी ही शहराची वृक्केच म्हणता येतील. पण ती फक्त पाण्याचा हिशेब ठेवतात. मळाचा हिशेब वेगळा आहे.

२२/
तो हिशेब असा. माणसाच्या यकृताने एवढी ऊर्जा खर्चून अमोनियाचा सौम्य युरिया बनवला. तो मूत्रातून गटारात गेला. गटारातील जिवाणूंनी त्याचा पुन्हा अमोनिया केला. सांडपाणी प्रक्रियेविना खाडीत गेले, तर हाच अमोनिया माशाच्या कल्ल्यांबाहेर उभा राहतो. आता आत आणि बाहेर यांतला फरक कमी होतो आणि माशाचा स्वतःचा अमोनिया बाहेर पडेनासा होतो. पाणी कोमट आणि अल्कधर्मी असेल, तर विष अधिक तीव्र होते. त्यातच सांडपाणी कुजताना पाण्यातील प्राणवायूही संपत जातो. शहराचे उत्सर्जन माशाच्या उत्सर्जनाच्या आड येते, ते असे.

२३/
यातून कोण तरते, तेही पाहण्यासारखे आहे. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवटीच्या काही जाती कल्ल्यांतून अमोनिया बाहेर ढकलू शकतात, बाहेर त्याचे प्रमाण जास्त असतानाही. चिखलातल्या बिळात, साचलेल्या पाण्यात राहण्यासाठी ही क्षमता घडली. बहुतेक माशांकडे ती नाही. म्हणजे पाणी बिघडले तर खाडी एकदम ओस पडत नाही. आधी नाजूक जाती कमी होतात आणि सोशिक जाती उरतात. बाजारात मासा दिसतो, म्हणून खाडी ठीक आहे, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

२४/
या रोगाला इतिहासात उतारा सापडतो. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या थेम्स नदीची दुर्गंधी एवढी वाढली की संसदेच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवावे लागले. जोसेफ बॅझलजेट यांनी प्रचंड गटारे बांधली, पण मैला फक्त शहराच्या खाली नेऊन सोडला. शहर सुटले, नदी सुटली नाही. १९५७ मध्ये तिचा शहरातला भाग जैविकदृष्ट्या मृत ठरवला गेला. त्यानंतर सांडपाण्यावर खरी प्रक्रिया सुरू झाली आणि १९७४ मध्ये सामन मासा जवळजवळ दीड शतकानंतर थेम्समध्ये पुन्हा सापडला. मळ दूर नेणे आणि मळ निरुपद्रवी करणे यांत एवढे अंतर आहे.

२५/
नवी मुंबईतही दुसरी वाट धरली गेली आहे. १९९२ पासून काम करणाऱ्या महापालिकेने पुढे आधुनिक मलप्रक्रिया केंद्रे उभारली. या केंद्रांत जिवाणूंकरवी अमोनियाचे नायट्रेट आणि नंतर निरुपद्रवी नत्रवायू करता येतो. शहराने विकत घेतलेले हे एक यकृत आणि एक वृक्क. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तरीही अभयारण्याची रेषा नकाशावर असते आणि पाणी प्रत्येक भरतीला ती ओलांडते. पनवेल खाडी, ठाणे खाडी आणि मुंबई बंदर यांचे पाणी शेवटी एकच आहे.

२६/
सुश्रुताच्या घड्यापासून जसलोकच्या यंत्रापर्यंत अभ्यासकांनी शरीराच्या आतली यंत्रणा शोधली. त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर एक गोष्ट गृहीत धरलेली होती : टाकलेले स्वीकारणारे बाहेर कोणीतरी आहे. दिवाळ्याच्या कोळ्यांसाठी हे ‘बाहेर’ म्हणजे त्यांचे रोजचे शेत आहे. डोल आणि पाग तिथेच टाकले जातात. या खाडीचा इतिहास पुढे कोणी लिहिला, तर किल्ला कोणी घेतला याइतकेच जिताडा कोणत्या वर्षापर्यंत मिळत होता, हेही त्याला नोंदवावे लागेल.

(थ्रेड समाप्त)